आपल्या माणसांना भेटायला गावी जाताना : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

बऱ्याच काळाने गावी जाऊन आलेल्या माणसाला भेट कशी झाली असे विचारले, तर बहुतेक वेळा पहिले उत्तर ‘फार धावपळ झाली’ असेच येते, आणि त्यामागोमाग ज्यांना भेटायचे राहून गेले त्यांची नावे येतात. ही धावपळ सुट्टी कमी पडल्यामुळे होते असा सर्वसाधारण समज आहे, पण खरे कारण क्रमात आहे. आधी तिकीट काढले जाते, मग सामान भरले जाते आणि माणसांची आठवण गावात पोहोचल्यावर होते. या लेखात तो क्रम उलटा लावला आहे. टप्पे आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्यातली माहिती लागते.

## टप्पा १ : तिकिटाआधी नावांची यादी

प्रवासाच्या किमान २ महिने आधी वहीच्या एका पानावर ज्यांना भेटायचे आहे त्या सर्वांची नावे लिहावीत. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात : सध्या मुक्काम कुठे आहे, शेवटची प्रत्यक्ष भेट कोणत्या वर्षी झाली आणि प्रकृती कशी आहे. फोनवर बोलणे होत असले तरी प्रत्यक्ष भेटीचे वर्षच लिहावे. ते लिहिताना पुष्कळदा आपल्यालाच धक्का बसतो, आणि त्या धक्क्यामुळे यादीचा क्रम आपोआप बदलतो.

आता यादीचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात ज्यांची भेट पुढच्या खेपेस होईलच अशी खात्री देता येत नाही ती माणसे, म्हणजे अतिवृद्ध आणि आजारी. दुसऱ्या भागात ज्यांच्याजवळ निवांत बसून बोलायचे आहे ती माणसे. आपल्या गैरहजेरीत ज्या घरातले कोणी गेले आहे ती घरेही याच भागात येतात. तिसऱ्या भागात ज्यांना एकत्र किंवा थोडक्यात भेटले तरी चालेल असे सारे. मानपानाच्या किंवा घरांच्या अंतराच्या हिशेबाने ही विभागणी करू नये.

अंतराच्या हिशेबाने काय होते, हे मी अनुभवले आहे. माझ्या आत्याचे घर स्टेशनच्या वाटेवर होते, म्हणून तिची भेट मी परतीच्या दिवसावर ठेवली. तिने सकाळपासून जुने फोटो पलंगावर ओळीने मांडून ठेवले होते, एकेका फोटोबद्दल सांगायचे म्हणून. आम्ही तिसऱ्या फोटोपर्यंत पोहोचलो आणि मला निघावे लागले. उरलेले फोटो तिने माझ्यासमोरच एकावर एक ठेवून पुन्हा डब्यात भरले. पुढच्या खेपेस आत्या नव्हती. तेव्हापासून पहिल्या भागातली सर्व नावे मी मुक्कामाच्या पूर्वार्धातच ठेवतो.

तपासा : ज्यांच्याशी बोलणे बंद आहे असे कोणी यादीतून गळले आहे का? त्यांना भेटायचे की नाही, हे घरी शांतपणे बसून आधीच ठरवावे. गावात पोहोचल्यावर चार जणांच्या आग्रहाने घेतलेला निर्णय दोन्ही बाजूंना जड जातो.

## टप्पा २ : दिवसांचा खरा हिशेब

सुट्टी १० दिवसांची असेल तर भेटींसाठी १० दिवस मिळतात असे मानणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. जाण्यायेण्याचे २ दिवस वजा करावेत. पोहोचल्यानंतरचा १ दिवस विश्रांतीचा आणि परतीच्या आदला १ दिवस राखीव. ज्या घरी उतरणार आहोत त्या घरच्या माणसांसाठी आणखी १ पूर्ण दिवस ठेवावा, त्या दिवशी उंबरठा ओलांडायचा नाही. उरले ५ दिवस. एका दिवसात सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोनच भेटी नीट होतात, म्हणजे हाती १० भेटी आल्या.

यादीत २५ नावे असतील तर गाठ इथेच, घरी बसून, सोडवायची असते. तिसऱ्या भागातल्या लोकांसाठी एक संध्याकाळ ठरवून सर्वांना एकाच ठिकाणी बोलवावे. शाळासोबती, जुने शेजारी आणि दूरचे नातेवाईक अशा भेटीत खुशीने येतात. पहिल्या भागातल्यांना मात्र अशा मेळाव्यात बोलावू नये. थकलेल्या माणसाला गर्दीत बोलता येत नाही आणि त्यांच्यासाठी राखलेला वेळही तिथे त्यांच्या वाट्याला येत नाही.

बँक, जमिनीचे कागद, दाखले अशी कामे उरकायची असतील तर त्यांचे दिवस या हिशेबात वेगळे धरावेत आणि मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठेवावेत. एखादा कागद कमी पडून पुन्हा जावे लागणे हे नेहमीचेच आहे, त्यामुळे शेवटच्या दिवसावर टाकलेले काम हमखास अपुरे राहते.

परदेशातून येणाऱ्यांनी जेट लॅगही, म्हणजे लांबच्या विमानप्रवासाने झोपेच्या वेळा बिघडणेही, मोजावा. शरीराचे घड्याळ नव्या वेळेशी साधारणपणे दिवसाला तास-दीड तास याच गतीने जुळते, आणि पूर्वेकडे केलेला प्रवास पश्चिमेकडच्या प्रवासापेक्षा जास्त जाचतो. याचे कारण असे की बहुतेकांचे आतले घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालते, त्यामुळे उशिरा झोपणे त्याला सोपे जाते आणि लवकर झोपणे अवघड. अशा वेळी विश्रांतीसाठी १ ऐवजी २ दिवस धरावेत.

## टप्पा ३ : तिकडच्यांच्या सोयीची चौकशी

तारखा पक्क्या करण्याआधी तिकडे विचारावे. आपण सुट्टीवर असलो तरी ते सुट्टीवर नसतात : मुलांच्या परीक्षा, कोणाची शस्त्रक्रिया, कामाचा हंगाम, ठरलेला प्रवास यांची माहिती आपल्याला दुरून नसते. पहिल्या भागातल्या प्रत्येकाच्या घरी स्वतः फोन करून विचारावे. बाकीच्यांची चौकशी करण्यासाठी सगळ्यांचे बरे जाणणारी एक व्यक्ती निवडावी आणि तिच्याशीच बोलत राहावे.

तारखा ठरल्या की सर्वांना एकाच वेळी आणि एकच तारीख कळवावी. काकूंना एक दिवस, मामांना दुसरा आणि मित्रांना ‘बहुतेक शनिवारपर्यंत’ असे सांगितले, तर आपण पोहोचण्याआधीच त्यांचे आपसांत बोलणे होते आणि कोणाला तरी आपल्यापासून काही लपवले गेल्यासारखे वाटते.

सावधान : न सांगता अचानक दारात उभे राहण्याचा मोह आवरावा. औषधे, जेवण आणि झोप यांच्या ठरलेल्या वेळांवर ज्यांची प्रकृती टिकून आहे, त्यांना अशा भेटीचा त्रास होतो. शिवाय येण्याची वाट पाहण्यात त्यांना जो आनंद मिळाला असता, तोही आपण त्यांच्याकडून काढून घेतो.

## टप्पा ४ : तिकीट आणि कागदपत्रे

आता तिकीट काढावे. परतीचे तिकीट कामावर हजर होण्याच्या आदल्या रात्रीचे नसावे, मध्ये निदान १ दिवस ठेवावा. गाडी किंवा विमान बदलायचे असेल तर त्या दिवसाच्या शेवटच्या जोडगाडीवर भिस्त ठेवू नये, कारण ती चुकली की रात्र वाटेतच काढावी लागते.

दुसऱ्या देशात जाताना पासपोर्टची मुदत पाहावी. अनेक देश प्रवेशाच्या वेळी ती किमान ६ महिने शिल्लक असावी असा आग्रह धरतात. तिकिटावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव अक्षरशः सारखे असावे. लग्नानंतर नाव बदललेल्यांची इथे गल्लत होते. लहान मूल आईवडिलांपैकी एकाबरोबरच जात असेल, तर काही देशांत दुसऱ्या पालकाचे लेखी संमतिपत्र मागितले जाते. ते आधीच तयार ठेवावे.

स्वतः गाडी चालवत जाणाऱ्यांनी दर २ तासांनी १५ मिनिटे थांबावे. मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंतच्या वेळेत डोळा लागण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, म्हणून दिवसभर काम करून रात्री निघण्याचा बेत करू नये.

## टप्पा ५ : प्रकृतीची तयारी

‘मी तर तिथलाच, मला काय होणार’ या समजुतीने हा टप्पा वगळला जातो, आणि या समजुतीमुळेच लोक आजारी पडतात. मूळ प्रदेशी आप्तांना भेटायला जाणारे प्रवासी हा प्रवासवैद्यकात एक वेगळा गट मानला जातो. त्यांचे प्रवासाआधी डॉक्टरांकडे जाण्याचे प्रमाण कमी असते, ते हॉटेलात न राहता घरी राहतात, घरचेच पाणी पितात आणि बहुधा इतर प्रवाशांपेक्षा जास्त दिवस मुक्काम करतात. परिणामी मलेरिया आणि विषमज्वर (टायफॉइड) यांचा धोका त्यांना सहलीला आलेल्या परक्या माणसापेक्षा जास्त असतो.

मलेरिया असलेल्या भागात वाढलेल्या माणसाला वारंवारच्या संसर्गामुळे काही अंशी प्रतिकारशक्ती आलेली असते, पण तो भाग सोडला की ती ओसरत जाते. त्या भागाबाहेर जन्मलेल्या मुलांमध्ये तर ती मुळातच नसते. म्हणून आपल्या मूळ प्रदेशात हे आजार असतील, तर निघण्याच्या ४ ते ६ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे आणि गावाचे नाव, मुक्कामाचे दिवस व बरोबरच्या मुलांची वये सांगावीत. हा अवधी लागतो, कारण लशींचा परिणाम लगेच होत नाही. विषमज्वराची टोचून घ्यायची लस प्रवासाच्या किमान २ आठवडे आधी घ्यावी लागते. मलेरिया टाळण्याच्या गोळ्या दिल्या गेल्या, तर त्या परतल्यानंतरही काही दिवस चालू ठेवायच्या असतात. औषधानुसार हा काळ ७ दिवसांपासून ४ आठवड्यांपर्यंत असतो. घरी पोहोचलो म्हणून त्या बंद करणे ही मोठी चूक आहे.

नेहमीची औषधे पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी आणि वर आठवड्याची जादा घ्यावीत. ती मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत असावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे, कारण कंपन्यांनी दिलेली नावे देशागणिक बदलतात. काही वेदनाशामक आणि झोपेच्या औषधांवर काही देशांत निर्बंध आहेत, त्याचीही चौकशी करावी.

तपासा : निघण्याच्या दिवशी खोकला किंवा ताप आहे का? असल्यास वृद्धांच्या भेटी पुढे ढकलाव्यात, आणि त्यासाठी राखीव दिवस वापरावा.

## टप्पा ६ : सामान आणि भेटवस्तू

यादी हातात असल्याने भेटवस्तूंचे काम सोपे होते. प्रत्येक वस्तूवर घरीच नावाची चिठ्ठी लावावी. गावात पोहोचल्यावर सर्वांसमोर बॅग उघडून वाटप करणे टाळावे. मिळालेल्या वस्तूंची तुलना होते आणि नेमके एखादे मूल रिकाम्या हातांनी उभे राहते. यादीत नसलेल्यांसाठी तीन-चार साध्या वस्तू जास्तीच्या ठेवाव्यात. वृद्धांना काय हवे आहे, हे त्यांच्याबरोबर राहणाऱ्या व्यक्तीला विचारावे. चांगल्या उजेडाचा छोटा दिवा, मोठ्या अक्षरांचे घड्याळ किंवा न घसरणाऱ्या चपला यांचा त्यांना रोज उपयोग होतो.

विमानाने जाताना पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक सहसा वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते, आणि ३.७ व्होल्टची २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते. जाताना बॅगेत थोडी जागा रिकामी सोडावी, कारण परतताना आपल्या माणसांनी प्रेमाने दिलेले काही ना काही असतेच आणि ते नाकारणे त्यांना लागते.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात बॅगेचे नुकसान झाले तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत विमान कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. १९९९ च्या माँट्रिअल करारातली ही मुदत आहे. घरच्यांच्या गराड्यात ती सहज निसटून जाते.

## टप्पा ७ : पोहोचल्यावरचे पहिले दोन दिवस

पहिल्या दिवशी भेट ठरवू नये. ज्या घरी उतरलो तिथल्या गृहिणीला किंवा घरचे सारे सांभाळणाऱ्या व्यक्तीला आपली यादी दाखवावी आणि कोणत्या वेळी आपण घरी जेवणार व कोणत्या वेळी बाहेर, हे स्पष्ट सांगावे. शिजवून ठेवलेले उरणे आणि आयत्या वेळी चार माणसे वाढणे, या दोन्हींचा भार तिच्यावरच पडतो. पाहुणे घरी येणार असतील तर तिला विचारल्याशिवाय कोणालाही बोलावू नये. आपल्या मुक्कामाने वाढणाऱ्या खर्चाचा आणि कामाचा वाटाही न मागता उचलावा. घरात लागणारे सामान स्वतः आणून ठेवणे हा त्याचा सर्वांना रुचणारा मार्ग आहे.

सावधान : ‘येऊन दोन दिवस झाले, अजून आमच्याकडे नाही’ असे निरोप येऊ लागतात. प्रत्येकाला आपला ठरलेला दिवस आणि वेळ लगेच कळवावी. दिवस माहीत असला की माणूस आनंदाने थांबतो.

## टप्पा ८ : प्रत्यक्ष भेट

वृद्धांकडे शक्यतो सकाळी जावे. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांची अस्वस्थता दिवस कलताना वाढते. ज्यांची स्मृती क्षीण झाली आहे त्यांना ‘मला ओळखलेत का?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. आपल्याकडून तो मायेपोटी विचारला जातो, पण समोरच्या माणसाची ती परीक्षाच होते, आणि उत्तर सापडले नाही की चेहरा ओशाळा होतो. समोर बसावे, नजरेला नजर मिळाली की ‘काका, मी तुमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, तुम्हाला भेटायला आलो आहे’ असे आपणच सांगावे. आपले नाव त्यांना आठवले नाही तरी चालेल. त्यांनी चुकीचे नाव घेतले तर दुरुस्त करण्याचा हट्ट धरू नये. त्या नावाच्या माणसाविषयी बोलू द्यावे, कारण त्या बोलण्यात त्यांना सुख असते.

कमी ऐकू येणाऱ्यांशी बोलताना टीव्ही बंद करावा, उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे बसावे आणि ओरडण्याऐवजी सावकाश, स्पष्ट बोलावे. खिडकीकडे पाठ करून बसल्यास आपला चेहरा अंधारात जातो आणि त्यांना ओठांच्या हालचाली दिसत नाहीत. भेट ४५ मिनिटांच्या आसपास संपवावी. ते थकले आहेत हे ते स्वतः सांगत नाहीत.

जुने फोटो पाहायला मिळाले तर त्यातल्या माणसांची नावे तेव्हाच लिहून घ्यावीत. फोटोच्या मागे लिहायचे झाल्यास मऊ पेन्सिलीने, कडेला, अगदी हलक्या हाताने लिहावे; पेनाची शाई पुढे उमटते. मोबाइलवर प्रत घेताना फोटो सपाट ठेवावा, खिडकीचा बाजूने येणारा उजेड वापरावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि मोबाइल फोटोला समांतर धरावा.

आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या असतील तर परवानगी घेऊनच कराव्यात. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकावा, हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवावा आणि आधी अर्धा मिनिट बोलून, ते ऐकून पाहावे. पंख्याचा आवाज कानाला जाणवत नसला तरी मुद्रणात शब्द झाकून टाकतो. ‘जुन्या काळाबद्दल सांगा’ असा मोघम प्रश्न विचारला की दोन वाक्यांत उत्तर संपते. त्याऐवजी ‘घरात पहिल्यांदा वीज आली तेव्हा तुम्ही कोणत्या खोलीत होता?’ असे एखाद्या जागेला किंवा प्रसंगाला धरून विचारावे.

मित्रांच्या भेटीबाबत एकच सूचना आहे. आपल्या नव्या ठिकाणच्या आयुष्याचे वर्णन आपण होऊन करू नये, त्यांनी विचारल्यावर करावे, आणि पहिला अर्धा तास त्यांचे ऐकावे. बरोबरची मुले अनोळखी घरांत कंटाळतात, म्हणून त्यांना दिवसाकाठी एकाच भेटीला न्यावे आणि दुसऱ्या वेळी घरच्या मुलांत खेळू द्यावे.

तपासा : रोज रात्री यादीवर खूण करावी. तिसऱ्या दिवसाअखेर पहिल्या भागातले एखादे नाव उरले असेल, तर पुढच्या दिवसाचा सर्व कार्यक्रम बाजूला सारून आधी तिथे जावे.

## टप्पा ९ : निरोप आणि परतल्यानंतर

राखीव दिवस रिकामा उरला, तर तो नव्या भेटींनी भरू नये. ज्या भेटीत बोलणे अर्धवट राहिले तिथे पुन्हा जावे. दुसऱ्या भेटीत माणसे पहिल्या भेटीत न बोललेले बोलतात. निरोपासाठी परतीच्या दिवशी कोणाकडेही जाऊ नये. निघण्याच्या वेळी वृद्धांना स्टेशनपर्यंत आणण्याचा आग्रह धरू नये, घरातूनच निरोप घ्यावा.

पोहोचल्याचे ज्या घरी उतरलो होतो तिथे त्याच दिवशी कळवावे. घेतलेले फोटो आठवड्याच्या आत ज्यांचे त्यांना पाठवावेत, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना छापून टपालाने पाठवावेत. भेटीत दिलेले प्रत्येक आश्वासन, मग ते एखादे औषध पाठवण्याचे असो वा नातवाच्या प्रवेशाची चौकशी करण्याचे, विसरण्याआधी वहीत त्या नावापुढे लिहून घ्यावे.

मलेरिया असलेल्या भागातून परतल्यावर वर्षभरात, विशेषतः पहिल्या ३ महिन्यांत, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि आपण कोठे जाऊन आलो हे त्यांनी विचारण्याआधी सांगावे. शेवटी वहीचे तेच पान उघडून प्रत्येक नावापुढचे शेवटच्या भेटीचे वर्ष बदलावे, प्रकृतीची नवी नोंद करावी आणि जी नावे याही वेळी राहिली ती पुढच्या कोऱ्या पानावर सर्वांत वर लिहून ठेवावीत.